टेकडीपलीकडे आरशासारखं

मामाबद्दल लिहायला बसले की लोकांना वाटतं, आता ही रडणार. मी रडणार नाही. मला राग आहे, आणि तो कोणाकोणावर आहे ते पुढे येईलच.

माझा मामा गावातल्या टीव्ही केंद्रावर तंत्रज्ञ होता. केंद्र हा शब्द त्या जागेला फार मोठा होतो. बंद पडलेल्या छापखान्याच्या गच्चीवर दोन खोल्या आणि त्यांच्या डोक्यावर एक लोखंडी मनोरा, एवढाच सगळा पसारा. एका खोलीत कपाटाएवढा ट्रान्समीटर. त्याची ताकद शंभर वॅट, म्हणजे न्हाणीघरातल्या जुन्या बल्बइतकी. दुसऱ्या खोलीत एक टेबल, मागे निळा पडदा, आणि त्या खोलीला सगळे अगदी गंभीर चेहऱ्याने स्टुडिओ म्हणायचे. पंख्याचा आवाज माइकमध्ये शिरायचा म्हणून पंखा बंद ठेवायचा नियम होता, त्यामुळे बातम्या वाचणाऱ्या बाई बारा महिने घाम टिपत वाचायच्या. रोज संध्याकाळी सहा ते नऊ प्रक्षेपण. काय हरवलं, काय सापडलं, कुठला रस्ता खोदून ठेवलाय, दवाखान्यात उद्या कोण डॉक्टर आहेत, शाळांच्या स्पर्धा, आणि नगरपालिकेच्या बैठकीतली भांडणं. भांडणांना प्रेक्षक सगळ्यात जास्त.

मामा तेहतीस वर्षांचा होता तेव्हा केंद्र सुरू झालं आणि सत्तावन्नाचा होता तेव्हा बंद पडलं. मधली चोवीस वर्षं तो रोज संध्याकाळी त्या कपाटासमोर स्टुलावर बसलेला. सुट्टी नाही. बदली माणूस नाही. लग्नही नाही. आई म्हणायची, सहा ते नऊ ज्याचा पत्ता नाही त्याला मुलगी कोण देणार? मामा म्हणायचा, पत्ता आहे की, अख्ख्या गावाला माहीत आहे.

गाव टेकडीच्या एका बाजूला. आमचं घर दुसऱ्या बाजूला, खालच्या खोऱ्यात. खोऱ्यात चार वस्त्या, आमची सगळ्यात टोकाची. माझे वडील मी पाच वर्षांची असताना गेले आणि त्यानंतर आमचं घर मामानेच धरून ठेवलं. माझ्या शाळेची फी, छपराची डागडुजी, आईची औषधं, सगळं त्याने केलं आणि एकदाही बोलून दाखवलं नाही. हे आधी सांगते, कारण आई त्याच्याशी खोटं का बोलली ते त्याशिवाय कळायचं नाही.

केंद्र सुरू व्हायच्या आठवड्यात तो टीव्ही खांद्यावर घेऊन टेकडी उतरून आला. छपरावर चढून त्याने काड्यांची अँटेना बसवली, तिचं तोंड टेकडीकडे केलं, वायर खिडकीतून आत घेतली. दिवसाची वेळ, प्रक्षेपण नाही, त्यामुळे काही दिसायचा प्रश्नच नव्हता. केंद्राचे साहेब त्याला म्हणाले होते की खोऱ्यात चित्र पोचणार नाही, मध्ये टेकडी आहे. मामा त्यांच्याशी भांडला होता. त्याचं म्हणणं, लहर टेकडीच्या माथ्यावरून वाकते आणि थोडी खाली उतरते, अँटेना उंच असली की पकडता येते. साहेब हसले होते. मामाला कोणी हसलेलं चालायचं नाही, आणि साहेब हसलेले तर मुळीच नाही.

पहिल्या संध्याकाळी आई आणि मी जमिनीवर टीव्हीसमोर बसलो. सहा वाजले. पडदाभर मुंग्या. चित्र आलं नाही की जे पांढरंकाळं वळवळत राहतं त्याला आम्ही सगळे मुंग्याच म्हणायचो. आवाज मात्र येत होता, खरखरीतून, पण कळण्याइतका. कोणीतरी बाई स्वागत करत होत्या. आई छपरावर चढली, अँटेना फिरवली, मी खालून ओरडत होते, "नाही गं! अजून नाही! आता तर आवाजही गेला!" शेवटी आवाज परत येईल तिथे अँटेना सोडून ती खाली आली.

साडेसातला फोन वाजला. फोनही त्यानेच घेऊन दिलेला.

"ताई, दिसतंय का गं?"

त्याचा आवाज कसा होता ते मी अजून सांगू शकते. परीक्षेचा निकाल विचारावा तसा. आई मुंग्यांकडे बघत होती.

"दिसतंय की," ती म्हणाली.

"स्पष्ट?"

"आरशासारखं."

पलीकडे तो ओरडला, "साहेब, ऐका!" आणि फोन ठेवला. आई मला म्हणाली, "आज पहिला दिवस आहे. आज कशाला त्याचा हिरमोड करायचा? दोन दिवसांनी सांगू."

दोन दिवसांनी त्याने वही घातली होती. केंद्रातल्या भिंतीला दोरीने बांधलेली वही, त्यात रोज लिहायचं, कुठून काय कळलं. गावातल्या नोंदी अधूनमधून असायच्या. आमची रोज. साडेसातला फोन, आणि वहीत एकच ओळ: टेकडीपलीकडे, स्वच्छ. साहेबांना ती ओळ दाखवल्याशिवाय त्याला घास जात नसे. आता एवढं सगळं झाल्यावर कोण सांगणार? भीड ही भिकेची बहीण, आणि ती आमच्या घरी राहायलाच आली होती.

आवाज येत असल्यामुळे आईचं निभावून गेलं. कोणाचं काय हरवलं, कोणत्या शाळेने बक्षीस मिळवलं, ती बरोबर सांगायची. कधी तो विचारायचा, "बाईंचा आजचा ड्रेस कसा दिसतोय?" आई म्हणायची, "शोभतोय तिला." बाई आयुष्यभर शोभत राहिल्या. एकदा शेजारचे आमच्याकडे आले, त्यांच्या मुलाच्या धावण्याच्या शर्यतीचं दाखवणार होते म्हणून. आईने सांगितलं, सेट आजच बिघडलाय. ते परत गेले आणि आई तोंड धुऊन आली.

तुम्ही म्हणाल, चोवीस वर्षांत मामाला कळलं कसं नाही? त्याचंच तर हसू येतं, म्हणजे मला येत नाही. जो माणूस चित्र पाठवतो त्याला ते लांबून बघता येत नाही. प्रक्षेपण चालू असताना तो ट्रान्समीटरसमोर, आणि तो आमच्याकडे यायचा तेव्हा सकाळ, ट्रान्समीटर बंद. खोऱ्यातलं कोणी केंद्रावर येऊन म्हणालं की आमच्याकडे काही दिसत नाही, तर तो नाक वर करून सांगायचा, "अँटेना नीट बसवा. माझ्या बहिणीकडे आरशासारखं दिसतं, आणि ती तुमच्याही पलीकडे राहते." लोक आमच्या छपराकडे बघायचे, जागा चांगली असेल म्हणायचे, आणि पुढे त्यांनी डिश लावल्या. गावच्या केंद्राचं नावही खोऱ्यात कोणी घेईनासं झालं. मामाला वाटायचं, तक्रारी थांबल्या म्हणजे सगळं सुरळीत आहे.

मी सोळा वर्षांची होते त्या वर्षी नगरपालिकेला टेकडीच्या माथ्यावर बसवायला एक छोटं यंत्र मिळत होतं. केंद्राचं चित्र पकडायचं आणि पलीकडे खोऱ्यात सोडायचं, एवढंच त्याचं काम. मागावं की नाही ते केंद्राने लिहून कळवायचं होतं. मामाने फोनवर आईला सांगितलं, हसत हसत. "मी म्हटलं साहेबांना, कशाला? आपलं चित्र तिकडे केव्हाच पोचलंय. पण साहेब म्हणतात, लिहून द्यायच्या आधी एकदा नीट खात्री कर. उद्या विचारतो तुला."

फोन ठेवल्यावर आईने टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "उद्या सांगते मी त्याला. रागावेल, चार दिवस बोलणार नाही. पण यंत्र तरी बसेल. आता नाही सांगितलं तर मग कधीच नाही."

मला धडकी भरली. त्या शनिवारी मामा मला हरवलं-सापडलं वाचायला देणार होता. चार मिनिटं. मी वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, निळ्या पडद्यासमोर कसं बसायचं ते घरी आरशात बघून झालं होतं. मामा रागावला की कसा रागावतो ते मला माहीत होतं. चार दिवस म्हणजे शनिवार गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या बाई पाय घसरून पडल्या आणि आई त्यांच्याकडे धावली. साडेसातला फोन मी उचलला.

"आईला दे."

"ती मागे आहे, मामा. हात भरलेत तिचे."

"मग विचार तिला. नीट विचार हं. म्हणावं, आज भीड नको. खरं काय ते सांग, कागद जायचाय."

मी रिसीव्हर टेबलावर ठेवला. दारापर्यंत गेले. मागे अंगणात कोणी नव्हतं, दोरीवर कपडे होते. मी वीसपर्यंत आकडे मोजले आणि परत आले.

"आई म्हणते, आरशासारखं."

"शाबास," मामा म्हणाला. कोणाला म्हणाला, कोण जाणे.

आई परत आली, पहिलाच प्रश्न, "फोन आला होता का?" मी म्हटलं, आला होता, मामा घाईत होता, कागद गेला म्हणाला. आई खुर्चीवर बसली. "गेला? मला न विचारताच?" आणि थोड्या वेळाने, "मग आता बोलून काय उपयोग. झाकली मूठ सव्वा लाखाची." यंत्र दुसऱ्या गावाला गेलं.

शनिवारी मी वाचलं. एक सायकल, एक चष्मा, एक पाळीव पोपट आणि शाळेची दोन दप्तरं. बाईंनी माझे केस नीट केले, मामा काचेपलीकडून बोटं दाखवत मिनिटं मोजत होता. घरी आले तेव्हा आईचे डोळे लाल होते. मुंग्यांसमोर बसून तिने माझा आवाज ऐकला होता. "छान वाचलंस," ती म्हणाली. "कशी दिसत होतीस गं?"

पुढची पंधरा वर्षं रोज साडेसातला फोन येत राहिला. मी शिकले, नोकरीला लागले, लग्न करून गावात राहायला गेले. तिथे टीव्हीवर मामाचं केंद्र खरंच स्वच्छ दिसायचं आणि मला ते बघवायचं नाही. साहेब निवृत्त झाले, नवे साहेब आले. मग वरून पत्र आलं. जुनी सगळी छोटी केंद्रं तपासणार, ज्यांना पुरेसे प्रेक्षक असतील त्यांना नवी यंत्रं देणार, बाकीची बंद. केंद्राने प्रेक्षकांचा आकडा कळवला होता, त्यातले निम्मे खोऱ्यातले. पुरावा काय? मामाची वही. तोपर्यंत एकवीस वह्या झाल्या होत्या.

तपासणीला आलेल्या अधिकारी बाई माझ्याच वयाच्या, शांत बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, सगळ्यात लांबचं एक घर दाखवा. मामाला तर तेच हवं होतं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा प्रक्षेपणाच्या वेळी तो स्टुलावरून उठला, नव्या साहेबांना ट्रान्समीटरसमोर बसवलं आणि बाईंच्या गाडीतून टेकडी ओलांडून आला. आईला त्याने सकाळीच कळवलं होतं. आईने मला बोलावून घेतलं. मी पोचले तेव्हा तिने टीव्हीवर स्वच्छ धुतलेला कपडा घातला होता, जणू त्याने काही झाकलं जाणार होतं.

"ताई, लाव की," मामा दारातूनच म्हणाला. इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"सेट बिघडलाय रे," आई म्हणाली.

"काही हरकत नाही," अधिकारी बाई म्हणाल्या. "माझ्याकडे आहे." त्यांनी पिशवीतून छोटा सेट आणि एक काट्याचं मीटर काढलं, आमची वायर त्याला जोडली. काटा तळाशी होता, तिथेच राहिला. सेटवर मुंग्या, आणि मुंग्यांतून बाईंचा आवाज, उद्या पाणी उशिरा येईल.

मामा म्हणाला, "अँटेना हलली असेल." कोणी काही बोलायच्या आत तो शिडीवर चढला. सत्तावन्न वर्षांचा माणूस, गुडघे दुखणारा, इस्त्रीच्या शर्टात छपरावर. वरून त्याचा आवाज आला, "आलं का?" खाली आम्ही तिघी. काड्या करकरल्या. "आता? आता आलं का?" आई भिंतीकडे तोंड करून उभी होती. "अगं सांगा ना कोणीतरी! आलं का?"

शेवटी अधिकारी बाई अंगणात गेल्या आणि वर बघून म्हणाल्या, "काका, उतरा खाली. इथे कधीच येणार नाही. मध्ये टेकडी आहे."

तो उतरला. बाई गाडीत जाऊन बसल्या, त्यांना कळलं असावं. मामा दारात उभा राहून आईशी बोलला, आवाज न चढवता. चढवला असता तर बरं झालं असतं.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून," आई म्हणाली.

"बाकीचं जाऊ दे, ताई. यंत्र यायचं होतं त्या दिवशी मी पोरीकडून तुला निरोप दिला होता. म्हटलं होतं, आज खरं सांग, कागद जायचाय. त्या दिवशीही तू आरशासारखं म्हणालीस?"

आईला कळेना. कुठला निरोप, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी एकतीस वर्षांची होते, लहान नव्हते. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. मी खाली बघितलं.

"हो," आई म्हणाली. "चुकलं माझं."

मामा गाडीत जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी त्याने लेखी जबाब दिला की खोऱ्यातल्या नोंदी मी मनाने भरत होतो, त्यात दुसऱ्या कोणाचा संबंध नाही. बहिणीचं नाव कागदावर येऊ दिलं नाही. केंद्र तीन महिन्यांत बंद झालं. नव्या साहेबांनी सगळीकडे सांगितलं की म्हाताऱ्याच्या खोट्या नोंदींनी केंद्र बुडवलं, आणि गावानेही ते हौसेने धरलं. ज्याच्या खांद्यावर हात ठेवून लोक स्पर्धेचं चित्रण मागायचे, त्याला बघून रस्त्यात मुलं ओरडायची, "मामा, दिसतंय का?" ट्रान्समीटर भंगारात गेला. मनोरा मात्र आहे, उतरवायचा खर्च कोणी केला नाही.

आईशी तो पुन्हा बोलला नाही. घराचं छप्पर गळलं तर माणूस पाठवायचा, औषधं पाठवायचा, स्वतः यायचा नाही. नऊ वर्षं. आई साडेसातला फोनजवळ बसायची आणि आठला उठायची. मी दर रविवारी जायचे. दर रविवारी ठरवून जायचे की आज आईला म्हणायचं, मामाला मी खरं काय ते सांगते. एकदा मी सुरुवात केलीसुद्धा, "आई, त्या दिवशीचं..." ती म्हणाली, "नको. त्याला आता तू एकटी उरली आहेस." ती गेली तेव्हा मामा आला, फाटकापाशी उभा राहिला, आत न येता निघून गेला.

गेली चार वर्षं मामा माझ्याकडे राहतो. गुडघे गेले, एकट्याने जमेना. त्याची सेवा मी करते, लोक माझं कौतुक करतात. मी मनाची अशी समजूत घालते की सांगितलं तर हा म्हातारा जाईल कुठे. ते खोटं आहे. मला भीती वाटते, सोळाव्या वर्षी वाटली होती तीच, फक्त आता शनिवारही नाही.

तो खिडकीपाशी बसतो आणि माझ्या मुलीला केंद्राच्या गोष्टी सांगतो. बाईंच्या, पंख्याच्या, पालिकेतल्या भांडणांच्या. ती खूप हसते. गोष्ट मात्र शेवटी तिथेच येते. "तुझी आजी तोंडावर गोड बोलून खोटं बोलायची. सख्ख्या भावाशी. तुझी आई तशी नाही हो. तिने त्या दिवशी निरोप पोचवला, जे ऐकलं तेच सांगितलं."

परवा मुलगी स्वयंपाकघरात आली. मामा पलीकडच्या खोलीत होता, मधलं दार उघडं. तिने मोठ्याने विचारलं, "आई, आजी खरंच खोटारडी होती?"

मामा ऐकत होता. मी भांडी घासत होते.

"हो," मी म्हटलं.